बाराव्या फ्रेटवरची झीज

झीज सरळ नव्हती.

गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. वर्षानुवर्षं तार दाबली गेली की फ्रेटवर तिच्याखाली बारीक खाच पडते, तारेइतकीच अरुंद. या गिटारवर पाच तारांखालच्या खाचा अगदी तशा होत्या. तिसऱ्या तारेखालच्या मात्र एका अंगाला पसरल्या होत्या. पाचव्या फ्रेटवर हा पसारा जेमतेम जाणवण्याइतका, सातव्यावर थोडा जास्त, बाराव्यावर जवळजवळ एक मिलिमीटर. ताईनं डोळ्याचं भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं आणि पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

कुणीतरी ही तार दाबताना किंचित आडवी ढकलत होतं. कधीमधी नव्हे, दर वेळी. आणि सूर जितका उंच, तितकी जास्त. आडवी ढकलली की तार ताणली जाते आणि सूर थोडा चढतो.

"काय म्हणते आमची म्हातारी?" दुरुस्तीच्या खोलीच्या दाराला टेकून उभ्या असलेल्या काकूंनी विचारलं.

"तब्येत चांगली आहे," ताई म्हणाली. "मानेला बाक नाही. आतल्या वायरी अजून घट्ट आहेत."

"म्हणजे आम्हा दोघांपेक्षा बरी." काकू आत येऊन स्टुलावर बसल्या. "मी आले तर चालेल ना गं? बाहेर यांचं 'बघू' चालू झालंय. मला ते उभ्यानं ऐकवत नाही."

ताईनं मान हलवली आणि काकूंसाठी टेबलावरचा दिवा थोडा बाजूला वळवला.

हा त्यांचा चौथा बुधवार होता. काकूंचे यजमान चाळीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती करून निवृत्त झाले होते, म्हणून दुकानात त्यांचं नाव पडलं होतं लिफ्टवाले. दर शनिवारी संध्याकाळी कामगार सभागृहात ते आणि त्यांचे तीन मित्र वाजवत, आणि पन्नाशी ओलांडलेली जोडपी त्यावर नाचत. हे सव्वीस वर्षं चाललं होतं, याच गिटारवर. गिटार होती चार किलो सहाशे ग्रॅमची. गेल्या वर्षीपासून तिसऱ्या गाण्याला त्यांचा डावा खांदा बधिर व्हायला लागला, मग दोन बोटं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, वजन कमी करा नाहीतर वाजवणं बंद करा. तेव्हा जुनी देऊन एखादी हलकी नवी घ्यायची, असं घरात ठरलं. घरात म्हणजे काकूंनी ठरवलं. लिफ्टवाल्यांनी "बघू" म्हटलं.

"मला बघायला आले तेव्हा अर्ध्या तासात होकार देऊन मोकळे झाले होते," काकू म्हणाल्या. "हिच्यासाठी चार बुधवार. आता तूच सांग, कुणाची किंमत जास्त?"

"तुमच्या वेळी दुकानात एकच होती," बाहेरून लिफ्टवाल्यांचा आवाज आला. "इथं भिंतभर टांगल्यात."

"कान बघ कसे तिखट आहेत," काकू हळूच म्हणाल्या. आणि मग, का कुणास ठाऊक, त्यांचा चेहरा उतरला.

बाहेरच्या दालनात दुकानाचे मालक, ज्यांना सगळे दादा म्हणत, एक नवी गिटार अँप्लिफायरला जोडून देत होते. दोन किलो नऊशे ग्रॅम. फिकट लाकडाची, अंगानं सडपातळ. लिफ्टवाल्यांनी ती गळ्यात अडकवली आणि खांदा एकदा गोल फिरवून पाहिला. मग आपली नेहमीची एक संथ चाल सुरू केली.

ताईनं हातातलं काम थांबवून ऐकलं. या माणसाच्या वाजवण्यात घाई नावाची गोष्ट नव्हती. एक सूर पुरता विझल्याशिवाय दुसरा येत नव्हता. पण चाल वर चढली, तिसऱ्या तारेवर आली, आणि तिथं काहीतरी टोचलं. सूर जागेच्या थोडा वर लागला. पुढचा आणखी थोडा वर. लिफ्टवाले थांबले. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच.

"दादा, हिचीही तिसरी तार खोटं बोलतेय."

"काका, ही पाचवी आहे," दादा म्हणाले. "पाचही कारखान्यांतल्या पाचही तिसऱ्या तारांनी आपसात ठरवून तुमच्याशी खोटं बोलायचं म्हणजे जरा जास्तच झालं."

लिफ्टवाले हसले नाहीत. "असू दे. पुढच्या बुधवारी बघू."

आत काकूंनी मांडीवरच्या पिशवीचा बंद सारखा केला, मग पुन्हा वाकडा केला.

"पुढचा बुधवार नाहीये," त्या खाली बघत म्हणाल्या. "तुला सांगते, पण त्यांना कळू देऊ नकोस. त्यांना वाटतंय कान गेले. मला न सांगता कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानानं उत्तम. यांचा विश्वास नाही. म्हणतात, घरी जुनीवर सगळं सुरात लागतं कारण ती सवयीची आहे, सवय ऐकतेय, मी नाही. नवीवर खरं काय ते कळतं. काल ड्रमवाल्याला फोनवर हे सगळं सांगत होते, ते मी आतून ऐकलं. म्हणाले, महिनाअखेर दुसरा माणूस बघा." त्यांनी आवाज आणखी खाली नेला. "एवढ्या वर्षांत हा माणूस 'मी आता हे करणार नाही' असं कधी म्हणाला नव्हता. बघू म्हणतो, करतो म्हणतो, विसरतो. पण सोडतो असं म्हणत नाही गं."

शब्दांपेक्षा हाताला काम देणं ताईला सोपं जाई. तिनं जुनी गिटार फिरवली आणि तारा जिथं संपतात तो भाग दिव्याखाली घेतला. तिथं प्रत्येक तारेखाली एक छोटा लोखंडी ठोकळा असतो, दुकानात त्याला घोडी म्हणतात. घोडी स्क्रूनं पुढे-मागे करता येते. तार नेमकी किती लांब ठेवायची ते तिच्यावर ठरतं, आणि वरचे सूर खरे लागायचे की नाही, तेही.

पाच घोड्या जवळपास एका रेषेत होत्या. तिसरी मागे होती. ताईनं मोजपट्टी लावली. चार मिलिमीटर. घोडीच्या स्क्रूला डोकंच नव्हतं. जिथं डोकं असायचं तिथं काळ्या रोगणाचा एक थेंब होता, सुकून काचेसारखा झालेला.

तो थेंब तिनं ओळखला.

तेवीस वर्षं झाली होती. कॉलेजातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती या खोलीत शिकायला आली, त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. तिला शिकवणारे वस्ताद त्या दुपारी बाहेर गेले होते. एक माणूस घाईघाईनं आला, संध्याकाळी कार्यक्रम आहे म्हणाला, तारा बदलून द्या म्हणाला. तिनं बदलल्या. तेवढ्यावर थांबायचं सोडून, शिकलेलं दाखवायच्या हौसेनं, घोड्याही सारख्या करायला घेतल्या. तिसरीचा स्क्रू गंजला होता. वस्तादांचं पहिलं सांगणं होतं, स्क्रू अडला की हात काढून घ्यायचा. तिनं हात काढला नाही. डोकं तुटलं, घोडी मागे सरकून घट्ट बसली. तिनं वर रोगणाचा थेंब टाकला आणि तोंडातून अवाक्षर न काढता गिटार देऊन टाकली.

नंतर सहा महिने दाराची घंटा वाजली की ती हातातलं काम टाकून दाराकडे बघे. तो माणूस तणतणत येणार, बेसूर करून दिलीत म्हणणार. तो आला नाही. हळूहळू तिनं स्वतःची समजूत घातली की त्याला कळलंच नसणार. पुढे ती समजूत जवळजवळ तिचा सिद्धांतच होऊन बसली. बहुतेकांना कान नसतात, असं ती कधीतरी बोलूनही जाई, आणि तसं म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे तोच पाठमोरा माणूस असे.

तिनं वही ओढली. तारेची लांबी सहाशे अठ्ठेचाळीस मिलिमीटर, घोडी चार मिलिमीटर मागे. अर्ध्या स्वराचे शंभर भाग धरले, तर पाचव्या फ्रेटवर सूर साडेतीन भाग खाली पडणार, सातव्यावर पाच, नवव्यावर सात, बाराव्यावर अकरा. चार ओळींची आकडेमोड होती. तिनं ती दोनदा केली. मग भिंग उचलून पसरलेल्या खाचांकडे तिसऱ्यांदा पाहिलं. आकडे आणि खाचा एकाच चढणीनं चढत होत्या.

"काकू," ती म्हणाली, "काकांना आत बोलवता?"

लिफ्टवाले आत आले, नवी गिटार गळ्यात तशीच. मागोमाग दादाही येऊन दारात उभे राहिले. ताईनं जुनी गिटार सूर मोजायच्या यंत्राला जोडली. आधी तिनं स्वतः बाराव्या फ्रेटवर तिसरी तार सरळ दाबून छेडली. यंत्राचा काटा मधल्या रेषेच्या डावीकडे पडला. अकरा.

"आता तुम्ही वाजवा. तीच चाल. यंत्राकडे बघू नका."

"परीक्षा घेतेस?"

"तुमची नाही."

नवी उतरवून त्यांनी जुनी मांडीवर घेतली, खांद्याला त्रास नको म्हणून. घेतली म्हणण्यापेक्षा ती स्वतःच जाऊन बसली. चाल सुरू झाली. पाचव्या फ्रेटवर काटा मध्यावर. सातव्यावर मध्यावर. नवव्यावर क्षणभर थरथरला आणि मध्यावर. बाराव्यावर सूर लांबवून ठेवायचा होता; तो त्यांनी ठेवला, आणि काटा मधल्या रेषेवर असा उभा राहिला की जणू तिथं खिळा मारला होता.

ताई काट्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्या तिसऱ्या बोटाकडे बघत होती. बोट तारेवर पडत होतं आणि पडता पडताच किंचित कडेला सरकत होतं. सूर लागल्यावर दुरुस्त होत नव्हता, दुरुस्त होऊनच लागत होता. प्रत्येक फ्रेटला वेगळी दुरुस्ती, बरोबर तिच्या वहीत लिहिली होती तेवढी. तिला ते कागदावर मांडायला पाच मिनिटं लागली होती. या बोटाला वेळ लागतच नव्हता.

"आता नवीवर तेच," ती म्हणाली.

नवीवर काटा उजवीकडे गेला. साडेतीन. पाच. सात. अकरा. ताईनं वही त्यांच्यापुढे सरकवली. तिथं तेच चार आकडे आधीच लिहिलेले होते.

लिफ्टवाल्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला. "हे तू कधी लिहिलंस?"

"तुम्हाला आत बोलवायच्या आधी. काका, नवी गिटार खोटं बोलत नाहीये. जुनी बोलते. या तारेवर ती तेवीस वर्षं खोटं बोलतेय आणि तुमचं बोट दर वेळी ते खरं करून घेतंय. नवीला दुरुस्तीची गरज नाही, पण बोटाला ते कुणी सांगितलेलं नाही. तुमचे कान ठणठणीत आहेत. ठणठणीत म्हणजे, या खोलीत माझं काम ऐकायचंच आहे, आणि मला असं जमलं नसतं."

काकूंचा हात पिशवीच्या बंदावर थांबला.

"तेवीस वर्षं," लिफ्टवाले म्हणाले. "एवढा नेमका आकडा तुला कसा ठाऊक?"

इथं तिला गप्प राहता आलं असतं. स्क्रू गंजून तुटला, असं म्हटलं असतं तर कुणी विचारलं नसतं.

"हा स्क्रू मी तोडला," ती म्हणाली. "तुम्ही तारा बदलायला आला होतात. मला इथं लागून दोन महिने झाले होते. तोडला, वर रोगण लावलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. वस्तादांनाही नाही."

दारातून दादा म्हणाले, "आणि मी जगभर सांगत फिरतो, आमच्या ताईच्या हातून स्क्रू तुटत नाही."

"त्यानंतर नाही तुटला."

लिफ्टवाले तिच्याकडे बघत राहिले. "लांब वेणीची एक पोरगी होती बुवा इथं."

"वेणी गेली. पोरगीही गेली."

"आठवतंय मला. त्या संध्याकाळी पहिल्याच गाण्याला बोंब झाली. ड्रमवाला असा वळून बघायला लागला, जसा मी त्याच्या जेवणात खडा टाकलाय. दुसऱ्या गाण्यापर्यंत हातानं काहीतरी जमवून घेतलं. ठरवलं होतं, सोमवारी आणून दाखवायची."

"सोमवारी कुठलीतरी लिफ्ट अडकली असणार," काकू म्हणाल्या.

"अडकलीच असणार. आणि मंगळवारपर्यंत दाखवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वाजत होती की." त्यांनी डावा हात समोर धरून तिसरं बोट वाकवून सरळ केलं. दुसऱ्याच कुणाचं बोट तपासत असावेत तसं. "आणि हा पठ्ठ्या मला काही न सांगता हे करत बसला होता?"

"तुमच्याच घरचा ना," काकू म्हणाल्या. "न सांगता डॉक्टरकडे जाऊन येणारा."

लिफ्टवाल्यांनी चमकून बायकोकडे पाहिलं. तिनं नजर हलवली नाही. शेवटी तेच खाली बघून हसले.

ताईला अजून एक गोष्ट सांगायची होती. मोजणाऱ्या माणसाचा स्वभाव, अर्धवट सोडवत नाही. "काका, एक करता येईल. नवीची तिसरी घोडी मी चार मिलिमीटर मागे घेऊन देते. अगदी जुनीसारखी. पाच मिनिटांचं काम आहे. बोटाला काही बदलावं लागणार नाही, येत्या शनिवारी तुम्ही सुरात वाजवाल. चुकले मी, त्याचा भार तुमच्या बोटावर का?"

"सोपं आहे की मग," दादा म्हणाले.

लिफ्टवाल्यांनी जुनीच्या घोडीवरच्या काळ्या थेंबावर अंगठा फिरवला. 'बघू' येणार, अशी तिघांचीही खात्री होती.

"सहा मजल्यांची एक इमारत होती," ते सावकाश म्हणाले. "तिथली लिफ्ट चौथ्या मजल्यावर दोन इंच खाली थांबायची. मी तिथं जायच्या आधीपासूनच. चौथ्यावरची सगळी माणसं बाहेर पडताना पाय थोडा उचलून टाकायची. पोरं, बाया, दमेकरी आजोबा, सगळे. कुणाला विचारलं, तुम्ही पाय का उचलता, तर म्हणायचे, आम्ही कुठं उचलतो? मी लिफ्ट दुरुस्त केली. मजल्याला मजला असा लावला की मधून कागद जाणार नाही. आठवडाभर चौथा मजला ठेचकाळत होता. रोज माझ्या नावानं तक्रार. लिफ्ट बिघडवून ठेवलीत म्हणून."

"बिघडवून!" दादा हसले.

"साहेब मला म्हणाले, परत दोन इंच खाली घे, कटकट नको."

"मग?" काकूंनी विचारलं. इतकी वर्षं लिफ्टच्या गोष्टी ऐकूनही ही त्यांच्या वाट्याला आली नव्हती. "घेतलीत खाली?"

"नाही घेतली."

"आणि लोक?"

"दहा-बारा दिवसांत पाय शिकले. ते आजोबा सगळ्यात आधी." लिफ्टवाल्यांनी जुनी गिटार मांडीवरून उचलली, दोन्ही हातांनी, खांदा सांभाळत, आणि टेबलावर ताईपुढे ठेवली. तारांवर पालथा हात क्षणभर ठेवून काढून घेतला. "हिचा स्क्रू आधी काढ. पुढे ज्याच्याकडे जाईल त्याच्या बोटाला हे शिकायला लावू नकोस."

"काढते," ताई म्हणाली. "माझ्याच हातानं काढते."

त्यांनी नवी उचलली. पट्टा खांद्यावर घेतला, बाराव्या फ्रेटवर तिसरी तार दाबली आणि छेडली. काटा उजवीकडे गेला. त्यांनी यंत्राकडे पाठ केली, डोळे मिटले आणि पुन्हा छेडली. नऊ. पुन्हा. सात. बोट तारेवर पडत होतं, सरकायला निघत होतं, आणि ते त्याला अडवत होते, लहान पोराचा हात रस्त्यावर धरून ठेवावा तसे. पुन्हा. सात. पुन्हा. सहा. काटा फक्त ताईला दिसत होता. ती आकडे वहीत उतरवत गेली, एकाखाली एक. आपण काय बघतोय याची नोंद राहायला हवी, असं तिला वाटलं.

लिफ्टवाले थांबले. डोळे उघडून त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग ताईकडे.

"ड्रमवाल्याला फोन लाव," ते काकूंना म्हणाले. "त्याला सांग, दुसरा माणूस नको. आणि दादा, जुनी ठेवून घ्या. ही घेतो मी, आहे तशी."